एकाच गाठोड्यात तीन ओझी

पत्र (थोडं आटोपतं करून)

मी ४७ वर्षांचा, म्हापशाजवळच्या गावातला. तारवटी. इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काम करतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आई वारली तेव्हा मी जहाजावर होतो. मयत व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तेही मध्येच नेटवर्क गेलं. त्याच्या आठ दिवस आधी घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. आईची तब्येत एवढी खालावली आहे हे त्याने मला सांगितलंच नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. सप्टेंबरात साइन ऑफ होऊन घरी आलो. झोप लागत नाही, रात्री तीन-चार पेग लागतात. इगर्जीत (चर्चमध्ये) जातो ते नाताळाला आणि ईस्टरला. शेवटचं कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली, ११ वर्षांपूर्वी, मुलीच्या पहिल्या कुमगाराच्या (ख्रिस्तप्रसादाच्या) वेळी. देवाचाच राग येतो. एक मित्र म्हणतो, झालं गेलं विसर आणि पुढे जा. बायको म्हणते, तीन दिवसांच्या हीलिंग रिट्रीटला बसा, सगळं सुटेल. प्रार्थना कोकणीत पाठ आहेत, पण माझी शाळा मराठीतून झाली, एकटा असलो की मी मराठीतच विचार करतो. त्या प्रार्थना तोंडातून निघतात, आतून नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे. त्याआधी मन शांत व्हायला हवं. सुरुवात कुठून करू? पाद्री ओरडेल का? भावाशी बोलणं जरुरीचं आहे का?

उत्तर

तुमच्या पत्रात तीन वेगळी ओझी एकाच गाठोड्यात बांधलेली दिसतात. एक पापाचं, एक दुःखाचं, एक भावकीचं. तिन्ही एकत्र असली की माणूस दुःखाला पाप समजून त्याची क्षमा मागत बसतो, भांडणाला दुःख समजून ते सोसत राहतो आणि खरं पाप मधल्यामध्ये तसंच राहतं. प्रत्येक ओझं उतरवायची जागा वेगळी आहे. पापासाठी कुमसार आहे. दुःखासाठी मिस्सा (इगर्जीतली मुख्य उपासना) आणि मृतांसाठीची प्रार्थना आहे. भांडण मात्र भावाच्या दारातच उतरवावं लागतं, ते काम देव परस्पर करून देत नाही.

तुम्ही आईपाशी नव्हतात, हे पाप नाही. कॉन्ट्रॅक्टवर होतात, समुद्रात होतात, आणि तिच्या औषधपाण्यातला काही भाग तुमच्या अलॉटमेंटमधूनच (घरी जाणाऱ्या पगाराच्या हिश्शातूनच) गेला असेल. ते कुमसारात सांगितलंत तर फादर ऐकून घेतील, पण त्याची क्षमा करायला त्यांच्याकडे काही नाही, कारण गुन्हाच नाही. भावाला फोनवर जे बोललात ते मात्र पाप असू शकतं. वर्षभर मनात धरलेला राग, दारू, टाळलेल्या मिस्सा, हेही त्याच यादीत. यादी वाटते त्यापेक्षा लहान निघते.

कुमसार

११ वर्षांनी जाणाऱ्याला भीती असते ती दोन गोष्टींची: पद्धत आठवत नाही आणि फादर ओरडतील. बहुतेक फादरना इतक्या वर्षांनी आलेला माणूस पाहून बरंच वाटतं. एखादा चिडका भेटलाच तर संस्काराला त्याने काही उणेपणा येत नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जा. तुमच्या फिरगजेतले (गावच्या धर्मग्रामातले) विगार, म्हणजे मुख्य पाद्री, ओळखीचे असतील आणि लाज वाटत असेल तर शेजारच्या इगर्जीत गेलात तरी चालतं. जाळीआड बसायचा हक्क तुमचा आहे. ऐकलेलं फादर कुणालाही, कुठल्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत, कोर्टातसुद्धा नाही. हे बंधन जाणूनबुजून उघड मोडणारा पाद्री त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. घराच्या भांडणात तुमचा भाऊ त्याच फिरगजेतला असला तरी म्हणूनच घाबरायचं कारण नाही.

रविवारच्या मिस्सेआधी पाच मिनिटं रांगेत उभं राहून हे काम करू नका. अशा वेळी घाईत मोठं तेवढं राहून जातं. फिरगज ऑफिसात जाऊन किंवा फोन करून सांगा, "बऱ्याच वर्षांनी कुमसार करायचं आहे, अर्धा तास मिळेल का?" एवढं पुरे, कारण सांगावं लागत नाही.

आदल्या रात्री, दारूच्या आधी, अर्धा तास कागद घेऊन बसा. दहा आज्ञा एकेक घ्या आणि प्रत्येकीखाली दोन-तीन शब्द लिहा. गंभीर पापं प्रकाराने आणि अंदाजे संख्येने सांगायची असतात: "महिन्यातून दोनदा", "साधारण वर्षभर". हिशेब पै-पैचा नको. एक गोष्ट मात्र वजा करा. जहाजावरच्या रविवारी मिस्सा चुकली ते पाप नाही. जिथे मिस्सा मिळणंच शक्य नाही तिथे ते बंधन लागू होत नाही. गोव्यात घरी असतानाचे रविवार तेवढे मोजा.

आत गेल्यावर इतकं म्हटलं तरी चालतं: "फादर, आशीर्वाद द्या. माझं शेवटचं कुमसार ११ वर्षांपूर्वी झालं. पद्धत विसरलोय, मदत करा." पुढचं ते विचारत नेतात. कोकणी, मराठी, इंग्रजी, जी भाषा आतून येते ती वापरा. मराठी कळणारे फादर उत्तर गोव्यात सहज सापडतात.

इथे लोक चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे दुसऱ्याचं कुमसार करणं. भावाने काय केलं, वहिनी काय म्हणाली, वकिलाने कसं फसवलं, यात पंधरा मिनिटं जातात आणि "मी" हा शब्द शेवटच्या मिनिटाला येतो. तुमच्या पत्रात भावावर सहा ओळी होत्या (छापताना आम्ही त्या कमी केल्या), आणि आईच्या शेवटच्या वर्षात तिला दवाखान्यात कोण नेत होतं यावर एक शब्द नव्हता. कागदावर लिहिताना ती जागा रिकामी सोडू नका. दुसरी चूक "मी फार वाईट माणूस आहे" असं मोघम बोलण्याची, त्याने काहीच हाती लागत नाही. तिसरी, एखादी गोष्ट मुद्दाम मागे ठेवण्याची. विसरली तर ती क्षमेत धरली जाते आणि गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगायची. लपवली तर सगळंच कुमसार वाया जातं.

शेवटी फादर प्रायश्चित्त सांगतील. बहुधा ते एवढंसं असतं, एखादं स्तोत्र किंवा पाच नमान मारिया (मरियेची प्रार्थना). "११ वर्षांसाठी एवढंच?" असं वाटेल. त्याच दिवशी, इगर्जीतून बाहेर पडण्याआधी ते उरका. मग कागद फाडून टाका, खिशात ठेवून कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका.

त्यानंतर हलकं वाटेल किंवा काहीच वाटणार नाही. दोन्ही ठीक. पापक्षमा ही मनाच्या वाटण्यावर अवलंबून नाही. काही माणसं "वाटलं नाही" म्हणून चार दिवसांनी तेच पाप घेऊन परत येतात, मग पुन्हा. हा मनाचा आजार होऊ लागतो. एकदा क्षमा झालेलं पुन्हा सांगायचं नाही. जानेवारीपर्यंत महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच फादरकडे जात राहा.

आईसाठी

तुमचं पत्र ऑक्टोबरातलं आहे, हे बरं झालं. २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस, त्या दिवशी दफनभूमीत फुलं-मेणबत्त्या घेऊन सगळा गाव असतो. गर्दीत भाऊ समोर येईल या भीतीने तुम्ही टाळाल. टाळायचं असेल तर वेळ टाळा, दिवस टाळू नका. १ ते ८ नोव्हेंबर या आठ दिवसांत कोणत्याही दिवशी दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर त्या आत्म्यांसाठी पूर्ण दंडमाफी (क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका) मिळते, अशी चर्चची शिकवण आहे. अटी अशा: पापापासून, लहानशासुद्धा, मन तोडलेलं असावं, कुमसार आगेमागे साधारण २० दिवसांच्या आत झालेलं असावं, कुमगार घ्यावा आणि पोपच्या हेतूंसाठी एक "आमच्या बापा" आणि एक "नमान मारिया" म्हणावं. एका कुमसारावर आठही दिवस धरता येतात, कुमगार मात्र रोजचा रोज. म्हणून कुमसार ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उरका.

मयताच्या वेळी नेटवर्क गेलं, तो विधी तुमच्या मनात अर्धाच राहिला आहे. तो पुरा करायचा मार्ग साधा आहे. ऑफिसात आईच्या नावाने एक मिस्सा लावा, साध्या दिवसाची, सकाळची. नाव, तारीख आणि हेतू रजिस्टरात लिहून घेतात. त्या मिस्सेला तुम्ही, बायको, मुलगी जा, आणि तिथून थेट थडग्यावर. तिथे स्तोत्र १३० मोठ्याने वाचा. मृतांसाठी परंपरेने म्हटलं जाणारं हे स्तोत्र आठच ओव्यांएवढं आहे. (जुन्या कॅथलिक पुस्तकांत स्तोत्रांचे आकडे एकाने कमी असतात, तिथे १२९ शोधा.) मग आईला जे सांगायचं राहिलं ते सांगा. ती ऐकते का, या प्रश्नात अडकू नका. संतांची आणि मृतांची आपल्याशी सोबत सुटत नाही, हे प्रेषितांच्या श्रद्धेच्या कबुलीत आपण म्हणतो.

देवाचा राग

राग येतो, तर तो त्यालाच सांगा, बायको-मुलीवर काढू नका. स्तोत्र १३ ची सुरुवातच तक्रारीने होते आणि ८८ वं तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, त्यात समारोपाला आशा नाही. तरीही ते शास्त्रात ठेवलं आहे. तुमच्या धंद्यातला प्रसंग हवा असेल तर मार्कच्या चौथ्या अध्यायाचा शेवट वाचा. वादळात नाव पाण्याने भरतेय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. शिष्य त्याला उठवून विचारतात, आम्ही बुडतोय त्याचं तुम्हाला काहीच नाही का? तो आधी वारा थांबवतो, विश्वासाचं मग विचारतो. हा क्रम लक्षात ठेवा.

रोजचं

इथे नवखा माणूस उत्साहात फार उचलतो. रोज तेर्स (जपमाळ), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), पहाटेची मिस्सा, बुधवारचा उपवास, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं एकदम सुटतं. तुम्ही दिवसाची वीसच मिनिटं घ्या, पण ती जहाजावरही जमतील अशी.

सकाळी दहा मिनिटं, चहाच्या आधी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. एक स्तोत्र मोठ्याने वाचा. तीन-चार मिनिटं गप्प बसा, मन भरकटेल, भरकटू दे, परत आणा. आईचं नाव घ्या, भावाचं नाव घ्या, पुढे काही जोडू नका. "आमच्या बापा" म्हणून उठा. सकाळी ग्रुपवर बायबलचं वचन आणि सूर्योदयाचं चित्र पाठवणं ही प्रार्थना नव्हे, ते पोस्टमनचं काम.

रात्रीची दहा मिनिटं जेझुइट संघाचे संस्थापक सेंट इग्नेशियस यांच्या पद्धतीने: दिवसात कशासाठी आभार, मग देवाकडे उजेड मागणं, मग सकाळपासूनचे तास एकेक पाहणं, जिथे घसरलो तिथे क्षमा, आणि उद्यासाठी एक ठराव. एकच. "उद्या आठनंतर बाटली उघडायची नाही" असा मोजता येणारा. "उद्यापासून चांगला वागेन" हा ठराव नव्हे.

भाषेचं म्हणाल तर मराठीत प्रार्थना करण्यात काही परकं नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत रचली, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि १६१६ मध्ये ते पुराण रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. आज ते देवनागरीतही आहे. भाषा जुनी आहे, एका बैठकीत दहा ओव्यांपेक्षा जास्त पचत नाही, पण ओवीच्या चालीत ती मोठ्याने वाचून पाहा. कोकणीतल्या पाठ प्रार्थनाही टाकू नका. आतून काहीच निघत नाही त्या रात्री पाठ असलेलंच उपयोगी पडतं. तेर्साचं तेच आहे: पाच दशकांना (दर दशकात दहा नमान मारिया) पंधरा-वीस मिनिटं लागतात, सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं (जप करताना मनात आणायचे येशू-मरियेचे प्रसंग), मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची (ही २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली). तुम्हाला सध्या आठवड्यातून एकदा, घरच्यांबरोबर, पुरे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोरडं वाटेल. नेमकं तेव्हा वेळ वाढवू नका आणि कमीही करू नका. उजेड असताना ठरवलेलं अंधारात बदलू नये, हा इग्नेशियसचाच नियम.

दारू आणि झोप

याला प्रार्थना एकटी पुरत नाही. रोज तीन-चार पेग, तेही वर्षभर, अशी सवय एका झटक्यात तोडू नका. सोडल्यावर साधारण सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत हातकंप, घाम, धडधड, फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रमही होऊ शकतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. आधी डॉक्टरला खरा आकडा सांगा. जॉइनिंगआधी मेडिकल असतेच, ती जवळ आली म्हणून घाईघाईत बंद करणारे याच खड्ड्यात पडतात. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) बैठकांना पैसे लागत नाहीत, नावही विचारत नाहीत.

आई जाऊन वर्ष उलटलं. अजूनही दुःख रोज पहिल्या दिवसाइतकंच तीव्र असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवायला हवं. बांबोळीला त्यासाठीचं सरकारी इस्पितळ आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी लावा. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

रिट्रीटबद्दल तुमच्या बायकोचं अर्धं बरोबर आहे. जा, पण कुमसारानंतर जा, आणि तीन दिवसांत सगळं सुटेल ही अपेक्षा घरी ठेवून जा. तिथला भरलेला गळा सोमवारी घरी येईपर्यंत ओसरतो आणि मग माणूस आधीपेक्षा खोल बसतो. कुणी पैसे घेऊन शाप काढून देतो म्हणाला, किंवा औषधं बंद करा म्हणाला, तर चप्पल घालून बाहेर पडा.

भाऊ

"बोलणं जरुरीचं आहे का?" होय. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, वेदीवर दान आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. नीट वाचा: "भावाचं तुझ्याविरुद्ध". तुमचं त्याच्याविरुद्ध काय आहे, हे तिथे विचारलेलंच नाही.

पण घराची वाटणी यात आणू नका. लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू साफ नकार देतो, मला तुमचा वाटणी करणारा कुणी नेमलं? गोव्यात त्यासाठी कायदा आहे, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला. आईने मृत्युपत्र केलं नसेल तर मुलांचा वाटा सारखा. केलं असेल तरी तिच्या निम्म्या हिश्शावर मुलांचा हक्क राखलेला असतो. एकमत झालं तर स्पेशल नोटरीकडे वारसांची नोंद करून पुढे जाता येतं, नाही झालं तर इन्व्हेंटरीचा दावा, म्हणजे कोर्टातून वाटणी. विक्रीच्या कागदावर सहसा दोघांच्या बायकांच्याही सह्या लागतात. हे सगळं वकिलाच्या फाइलीत राहू द्या. क्षमा केली म्हणून हिस्सा सोडावा लागत नाही, आणि हिस्सा मागितला म्हणून क्षमा खोटी ठरत नाही. हे दोन कागद एका क्लिपला लावले की समेट बिनसतो.

आधी नऊ दिवस त्याच्या नावाने प्रार्थना करा. २४ नोव्हेंबरपासून २ डिसेंबरपर्यंत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना असते आणि ३ तारखेला फेस्त (संताचा सण). ते नऊ दिवस यासाठी बांधून घ्या, एखाद्या दिवशी तिथे गेलात तर उत्तमच. भाऊ बदलावा म्हणून नव्हे. नवव्या दिवशी त्याचं नाव घेताना तुमचा जबडा आवळत नसेल, एवढं पुरे.

मग एक मेसेज. फोन नको, फोनवर दोघंही गेल्या वर्षीच्याच सुरात सुरू व्हाल. काहीसा असा:

"गेल्या वर्षी फोनवर तुला जे बोललो ते मी बोलायला नको होतं. माझं चुकलं. आईच्या आजारपणात सगळं तू आणि तुझ्या बायकोने केलंत, त्याबद्दल मी एकदाही बरं म्हटलं नाही. भेटायचं असेल तर तू सांगशील तिथे येतो. घराचं काही बोलायचं नाही."

यात "पण" नाही, हे पाहा. "माझं चुकलं, पण तू मला कळवायला हवं होतंस" लिहिलंत की माफीचा जबाब होतो. कळवलं का नाही, हे तुम्हाला कधीतरी विचारायचं आहे आणि विचारायला हवंही, मात्र दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. शक्यता आहे की आईनेच "त्याला जहाजावर कशाला त्रास" म्हटलं असेल. शक्यता आहे की त्याने रागाने लपवलं. उत्तर कुठलंही असलं तरी ऐकायची तयारी झाली की विचारा.

भेट पहिल्यांदा त्या घरात नको. चहाच्या हॉटेलात, अर्ध्या तासाची, दोघांचीच. मत्तय १८ मध्ये तोच क्रम आहे, आधी एकांतात, मग एक-दोन माणसं घेऊन. नातेवाईक आधीच बसवलेत तर ती पंचायत होते. दारू प्यायलेलं नसावं. दोघांनीही.

उत्तर नाही आलं तर? गप्प राहा. तिकडे निळी खूण दिसली आणि तीन दिवस काहीच नाही, म्हणून दुसरा, तिसरा मेसेज पाठवणं ही दुसऱ्या तऱ्हेची मारामारीच. नाताळात कुसवाराचं (नाताळच्या फराळाचं) ताट पाठवा, नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, शेजाऱ्यांना जातं तसंच त्याच्याही घरी, मुलीच्या हातून. ताट रिकामं परत आलं तरी वाईट मानू नका. त्यानंतर तुमच्याकडून करण्याजोगं झालं. रोमकरांच्या पत्रात पौल लिहितो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीने राहा. "तुमच्याकडून होईल तितकं" हे शब्द त्याने उगाच घातलेले नाहीत.

तुमच्या मित्राचा सल्ला, विसरा आणि पुढे जा, यासाठी प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय वाचा. फिटर माणसाला आवडेल असा तो आहे, त्यात पाण्याची खोली आधी वीस वाव आणि मग पंधरा वाव मोजल्याचीसुद्धा नोंद आहे. चौदाव्या रात्री किनारा जवळ आल्याचं कळल्यावर खलाशी जहाज पुढे रेटत नाहीत. मागून चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. शेवटी जहाज फुटतं, २७६ माणसं मात्र सगळी किनाऱ्याला लागतात.

जानेवारीत

जहाजावर पाद्री नसतो. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कुमसार होत नाही, कुणी करून देतो म्हणाला तरी. म्हणून जॉइनिंगच्या आठवड्यात एकदा करून घ्या. पुढे गरज पडली तर देवाच्या प्रेमापोटी मनापासूनचा पश्चात्ताप आणि संधी मिळताच कुमसार करायचा निश्चय, एवढ्यानेही क्षमा होते. बंदरात स्टेला मारिसचे चॅपलिन (खलाशांसाठी नेमलेले पाद्री) जहाजावर येतात, समुद्रावरच्या माणसांसाठीचं हे कॅथलिक काम १९२० मध्ये ग्लासगोत सुरू झालं. गँगवेवर कुणी आलं तर फक्त सिमकार्ड मागून परत पाठवू नका. मराठी बायबल आणि रोजची वाचनं फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवा, पण छापील स्तोत्रसंहिताही बॅगेत असू द्या, इंजिनरूममधून आलेल्या हातांनी फोन धरण्यापेक्षा ती बरी. १०७ व्या स्तोत्रात २३ ते ३० या ओव्या जहाजावर काम करणाऱ्यांच्याच आहेत. वॉच (जहाजावरची कामाची पाळी) बदलली की सकाळ-रात्र बदलते, म्हणून वेळ घड्याळाला बांधू नका, वॉच संपल्यावर आणि झोपण्याआधी अशी बांधा.

आणि निघण्याआधी फिरगज ऑफिसात जाऊन ऑगस्टमधली आईच्या दुसऱ्या वर्षाची मिस्सा आत्ताच लिहून ठेवा. त्या दिवशी तुम्ही समुद्रावर असाल. मिस्सेला घरचं कोण बसणार, हे विचारायला भावाला एक फोन करावा लागेल.